वाढलेले दिवे

“दिवा लावा,” केसकर साहेबांनी आज्ञा केली, आणि भर माध्यान्ही, जुगाईच्या देवळाच्या सभामंडपात, आनंदआबा सरपंचांनी खांबावरचे बटण दाबले. दिवा लागला.

तो लागला आहे हे समजावे यासाठी साहेबांना त्याच्या बरोबर खाली उभे राहून, कपाळावर तळहात आडवा धरून वर पाहावे लागले. बाहेर आश्विनाचे ऊन इतके निर्मळ पडले होते की मंडपातल्या मुंगीचीही सावली दिसावी. अशा उजेडातून दिव्याचा उजेड वेगळा काढणे हे सामान्य दृष्टीचे काम नव्हे. साहेबांनी ते केले.

“कार्यरत,” ते म्हणाले. “तन्वी, प्रत्यक्ष तपासणीत दिवा कार्यरत.”

तन्वी देवस्थळी ही त्यांची सहायिका. नम्र, गोड मुलगी. पुण्याहून इतक्या दूर आली होती आणि तरीही हसत होती. तिच्या मांडीवर पाटीएवढा टॅबलेट होता. तिने त्यावर बोट टेकवले आणि हिरवी खूण उमटली.

“साहेब, दुपारचा लागतो त्यो,” आबा चाचरत म्हणाले.

“दुपारीसुद्धा लागतो,” साहेबांनी तन्वीला सांगितले.

त्या गोष्टीला आता पुष्कळ वर्षे लोटली. केसकर साहेब पुढे फार मोठ्या पदाला पोहोचले असे ऐकतो, आणि ते यथायोग्यच झाले.

आमचे वाघरण गाव धरणाच्या फुगवट्यापलीकडे आहे. तीन बाजूंना पाणी, चौथ्या बाजूला रान. ज्या पाण्याने आमची खाचरे पोटात घेतली, त्याच पाण्याची वीज करून ती दूरदूरच्या नगरांना पोहोचवण्यात आली. मात्र तीच वीज फुगवटा ओलांडून मागे वाघरणला आणणे कोणालाही परवडणारे नव्हते. दात्याने आपल्या दानाचा उपभोग घेऊ नये, हा संकेत शासनाने इतक्या निष्ठेने पाळलेला मी अन्यत्र पाहिलेला नाही. पुढे एका सेवाभावी संस्थेला आमची दया आली. तिने उतारावर सौरविजेच्या प्लेटा बसवल्या, शाळेमागे बॅटऱ्यांची खोली बांधली, घरोघर दोन-दोन दिवे दिले आणि गावाला एक पिठाची चक्की दिली.

पहिली काही वर्षे सुखाची गेली. मी तालुक्याच्या शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालो होतो आणि पोथ्या वाचण्यापुरता उजेड मिळतो म्हणून पुन्हा गावात राहायला आलो होतो. मग बॅटऱ्यांनी राम म्हटला. प्लेटा ठणठणीत, तारा ठणठणीत. पण साठवून ठेवायला काही उरले नाही. तेव्हापासून ऊन असेतोवर गावातले सगळे दिवे उत्तम लागत. सूर्यनारायण अस्ताला निघाले की दिवेही त्यांच्या मागोमाग निघत. वाईच्या पाठशाळेत मी नित्य सूर्योपासना करणारे पुष्कळ पाहिले, पण इतकी एकनिष्ठ भक्ती कोणाची नव्हती.

चक्कीची गत याहून वाईट होती. तिची मोटर सुरू होताना मोठा रेटा मागते, आणि तो रेटा बॅटऱ्याच देत. त्या गेल्यावर भर दुपारीसुद्धा मोटर नुसती गुरगुरायची, उचलायची नाही. ती चक्की चालवत असे कोंडाबाई उतेकर. नवरा गेल्यावर बाईने दुसरा कसलाही आधार धरला नव्हता. चक्की हीच तिची भाकरी. शिवाय गावातल्या सगळ्या बाया दळणाचे डबे डोक्यावर घेऊन पुन्हा लाँचने पलीकडच्या पेठेत जाऊ लागल्या. दुपारच्या लाँचने जायचे, संध्याकाळच्या लाँचने यायचे, आणि भाकरी थापायची अंधारात.

गावाला नव्या बॅटऱ्या द्यायच्या की नाही, हे केसकर साहेबांच्या मूल्यमापन पथकाच्या अहवालावर ठरणार होते. म्हणून तर त्या दिवशी घटस्थापना होऊन नवरात्र बसलेले असतानाही गावकी झाडून देवळात जमली होती. देवळाखेरीज एवढ्या माणसांना सावली देईल अशी दुसरी जागा गावात नाही. गाभाऱ्यात जुगाईपुढे अखंड नंदादीप तेवत होता, आणि म्हादू गुरव त्याच्या शेजारी वातीला जपत बसला होता.

दिव्यानंतर साहेबांनी बॅटऱ्यांची खोली पाहिली. सर्व बॅटऱ्या जागेवर होत्या, एकही चोरीला गेली नव्हती. हिरवी खूण. प्लेटा पाहिल्या. एकही फुटलेली नव्हती. हिरवी खूण.

मंडपात परतल्यावर मी विनयाने सुचवले, “साहेब, आजची रात्र मुक्काम करावा. माझ्या घरी सोय आहे. दिवेलागणीला सगळे आपोआप ध्यानात येईल.”

“गुरुजी, तुमचं आतिथ्य थोर आहे,” साहेब हात जोडून म्हणाले, “पण सुरक्षेच्या दृष्टीने सूर्यास्तानंतर क्षेत्रभेटीला आम्हाला परवानगी नाही. शिवाय चारची लाँच गाठायची आहे.”

दिव्यांची परीक्षा सूर्यास्तानंतर करण्यास मनाई करणाऱ्या त्या अज्ञात नियमकर्त्याला मी मनोमन वंदन केले. गावाचे भवितव्य आता सर्वस्वी गावाच्या जिभेवर आले.

“चला, आता लाभार्थ्यांच्या मुलाखती,” साहेब म्हणाले. “एकच नियम. आम्ही उत्तर सुचवणार नाही. तुमच्या तोंडचे जे शब्द असतील, तेच लिहू. एक अक्षर इकडचं तिकडे करणार नाही. तन्वी, पहिला प्रश्न.”

तन्वीने वाचले, “गेल्या वर्षभरात तुमच्या घरच्या सौरदिव्यांमध्ये काय बदल झाला? वाढले, तेवढेच राहिले, की कमी झाले?”

आनंदआबा सरपंच पुढे झाले. गाभाऱ्याकडे पाहून त्यांनी आधी हात जोडले, मग खालच्या आवाजात म्हणाले, “वाढले, ताई.”

“वाढले?”

“व्हय. माझ्या घरचे दोन्ही वाढले. भावकीतले बी समद्यांचे वाढले.”

“केव्हापासून?”

“गेल्या शिमग्यापासनं एकेक करून वाढायला लागले. आता गावात वाढायचा ऱ्हायला असा एक बी न्हाई.”

साहेबांचा चेहरा उजळला. “शंभर टक्के वाढ! आणि बॅटऱ्यांबद्दल काही तक्रार?”

“बॅटऱ्या शांत झाल्या साहेब,” आबा खिन्नपणे म्हणाले. “पार शांत.”

“आवाजाची तक्रार नाही,” साहेबांनी सांगितले. तन्वीचे बोट टेकले. हिरवी खूण.

“आता चक्की कोण चालवतं?”

बायांच्या घोळक्यातून कोंडाबाई उठली. उंच, हाडापेराने मजबूत बाई. केसांवर पीठ नसलेली तिला मी त्या वर्षीच प्रथम पाहत होतो.

“मी चालवत हुते,” ती म्हणाली.

“हुते म्हणजे?”

तिनेही गाभाऱ्याकडे पाहिले. म्हादू गुरवाने नंदादीपापाशी बसल्या जागेवरून तिच्याकडे डोळे वटारले. ती घुटमळली आणि म्हणाली, “चक्की बी वाढवली साहेब. काय करणार?”

“वा! किती वाढवली?”

“किती म्हंजी? पुरती वाढवली.”

“पूर्ण क्षमतेने,” साहेब तन्वीला म्हणाले, आणि त्यांच्या आवाजाला किंचित कंप सुटला. ग्रामीण स्त्रीच्या उत्कर्षाने त्यांना गहिवरून आले असावे. “मावशी, हे यश तुम्ही कसं मिळवलंत?”

कोंडाबाईने आबांकडे पाहिले, आबांनी माझ्याकडे पाहिले. येथे माझे संस्कृत कामी येईल अशी गावाची समजूत झाली आणि मी उठलो.

“साहेब,” मी म्हणालो, “काही गैरसमज होतो आहे. आपल्या लोकांत अमंगळ शब्द तोंडातून काढत नाहीत. बांगडी पिचली तर वाढली म्हणतात. कुंकू सरले तर वाढले म्हणतात. वाणी रोज सायंकाळी दुकान वाढवतो, म्हणून ते मोठे होत नाही. तसाच दिवा गेला की दिवा वाढला म्हणायचे. त्यातून हे नवरात्र, समोर अखंड दिवा. त्याच्यासमक्ष खरा शब्द येथे कोणीही उच्चारणार नाही. आबा तुम्हाला सांगत आहेत की गावातले सर्व दिवे गेले आहेत, बॅटऱ्या निकामी झाल्या आहेत आणि चक्की बंद पडली आहे.”

माझे भाषण संपेपर्यंत साहेब डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी डोळे उघडले.

“अतिशय रोचक,” ते म्हणाले. “म्हणजे इथं लोक उलटं बोलतात.”

“उलटं नव्हे. काव्यशास्त्रातही अमंगळ सुचवणारा शब्द दोष मानला आहे, त्याच न्यायाने...”

“काव्यशास्त्र!” साहेबांनी आदराने मान हलवली. “तन्वी, गुरुजींचं हे भाष्य आपण परिशिष्टात घेऊ. पण गुरुजी, मुख्य अहवालात लाभार्थ्याचेच शब्द हवेत. तुम्ही भाष्यकार आहात. मूळ संहितेला हात लावायचा अधिकार भाष्यकाराला असतो का? तुम्हीच सांगा.”

नसतो. हे त्यांनी मला शिकवावे इतका तो दिवस उलटा होता.

“मग बाहेर पिंपळाखाली चला,” आबा अजिजीने म्हणाले. “हितं आईसमोर जीभ रेटत न्हाई साहेब. तिकडं सांगतो काय ते.”

“आता जागा बदलता यायची नाही,” तन्वी वरमून म्हणाली. “टॅबलेटनं बैठकीची जागा एकदा पकडली की दुसरीकडे उत्तरं घेत नाही.”

तेव्हा तो टॅबलेटसुद्धा देवीपुढेच खिळून बसला होता. साहेबांनी घड्याळ पाहिले. खाली पाण्यावर लाँचने पहिला भोंगा दिला.

“शेवटची संधी,” साहेब प्रेमळपणे म्हणाले. “कुणाला आपल्या शब्दांत काही सांगायचं आहे?”

माणसे फरशीकडे पाहत होती. सरपंच झाले म्हणून काय, आबांच्या घरात सून गरोदर होती. त्यांच्याने ते होणे नव्हते. प्रत्येकाच्या घरी घट बसलेला होता, प्रत्येकाच्या घरी कोणीतरी आजारी, कोणीतरी परगावी होते. असा शब्द देवीच्या दिव्यासमोर काढायचा आणि मग घरी काही झाले, तर?

“मी सांगते,” कोंडाबाई म्हणाली.

“कोंडे, गप बस,” गुरव गाभाऱ्यातून गरजला. “इपरीत बोलशील तर बघ.”

“माझ्या घरी आता इपरीत व्हायला कोण ऱ्हायलंय, म्हादूदादा?” ती म्हणाली, आणि साहेबांकडे वळून एकेक अक्षर सुटे करून बोलली, “लिहून घ्या, ताई. दिवे विझले. समदे विझले. बॅटऱ्या मेल्या. चक्की बंद पडली. समजलं का आता?”

बायांनी तोंडावर पदर घेतले. गुरवाने नंदादीपाभोवती दोन्ही हातांची ओंजळ धरली, जणू तिच्या शब्दांचा वारा वातीला लागेल. एक म्हातारी “आई, क्षमा कर गं,” म्हणून गालांवर चापट्या मारून घेऊ लागली. माझ्या पाठीतून मात्र शिरशिरी गेली ती भयाची नव्हे. इतके शुद्ध, इतके निःसंदिग्ध वाक्य मी बऱ्याच दिवसांनी ऐकत होतो.

तन्वीचे बोट टॅबलेटवर थबकले. “सर, या म्हणतात, विझले.”

“हं,” साहेब म्हणाले. ते विचारात पडले. विचारवंत माणूस विचारात पडला की आजूबाजूच्यांनी सावध व्हावे, हे मी आयुष्यात पुष्कळ उशिरा शिकलो. “तन्वी, गुरुजींनी आत्ताच काय सांगितलं? इथं लोक कसं बोलतात?”

“उलटं, सर.”

“मग विझले म्हणजे?”

तन्वी क्षणभर घोटाळली. “वाढले?”

“लाव.”

हिरवी खूण.

“साहेब!” मी ओरडलो. “मंगल शब्दाने अमंगल झाकतात! अमंगल शब्दाने मंगल झाकत नाहीत! जगातल्या कुठल्याही भाषेत...”

“गुरुजी,” साहेबांनी माझा हात हाती घेतला, “तुम्ही नसता तर आम्ही केवढी चूक केली असती. त्या मावशींचं बोलणं आम्ही शब्दशः घेतलं असतं. परिशिष्टात तुमचं नाव घालतो.”

दुसरा भोंगा झाला. पथक उतारावरून पाण्याकडे निघाले. तन्वीने वळून सगळ्यांना नमस्कार केला, कोंडाबाईला जरा अधिकच वाकून. पोरीला काहीतरी खटकले होते. पण खटकण्यासाठी टॅबलेटवर रकाना नव्हता.

पुढच्या गोष्टी अनुक्रमानेच झाल्या. वाघरणच्या प्रकल्पाला उत्कृष्ट कामगिरीबद्दल प्रशस्तिपत्र मिळाले. ते चौकट करून सभामंडपात लावण्यात आले, आणि दिवसा उजेडी वाचताही येत असे. दिव्यांचा वापर शंभर टक्के वाढला, चक्की पूर्ण क्षमतेने चालते, तेव्हा या गावाला वीज अपुरी पडत असणार, असा निष्कर्ष पथकाने काढला होता. बॅटऱ्यांबद्दल तक्रार नव्हतीच. त्यामुळे थंडी सरता सरता लाँचमधून आणखी प्लेटा आल्या. जितक्या होत्या तितक्याच पुन्हा. उतारावर दुहेरी रांग लागली. आता वाघरणला भर दुपारी पूर्वीच्या दुप्पट उजेड मिळू लागला आणि रात्री पूर्वीइतकाच अंधार.

मात्र एक गोष्ट अशी झाली की जी कोणाच्याही अहवालात नव्हती. प्लेटा बसवायला आलेल्या फिटरने सहज म्हणून चक्कीची तार जोडून पाहिली. बाहेर ऊन कडक होते. दुप्पट प्लेटांचा रेटा मिळताच मोटरने एक हुंदका दिला आणि उचलली. जात्याचे दगड घरघरू लागले. कोंडाबाई धावत आली, पट्ट्याकडे पाहत उभी राहिली, आणि मग तिने मूठभर तांदूळ चक्कीच्या तोंडात टाकून खालचे पीठ तळहातावर धरले. बॅटऱ्यांवाचून, दुपारपुरती का होईना, चक्की चालू झाली होती.

पण दळायला कोणी आले नाही.

नवरात्रापासून म्हादू गुरवाने जाहीर केले होते की जिने आईच्या दिव्यापुढे तसला शब्द काढला, तिच्या चक्कीचे पीठ नैवेद्याला चालायचे नाही. आणि नैवेद्याला चालत नाही ते घरात तरी कशाला? चक्की बंद होती तोवर या बहिष्काराने कोणाचे काही बिघडत नव्हते. आता बिघडू लागले. बाया डबे डोक्यावर घेऊन लाँचची वाट पाहत धक्क्यावर उभ्या राहत, आणि वर टेकाडावरून रिकाम्या चक्कीची घरघर त्यांच्या कानावर येई. कोंडाबाई ती रोज दुपारी चालू करी. “दगडाला सवय ऱ्हायाला पायजे,” असे तिने मला कारण सांगितले. काही दळायला नसताना दगड फिरवू नये, झिजतो, हे तिला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होते.

मी गुरवाशी बोललो, आबांशी बोललो. शेवटी चैत्रात जुगाईच्या उत्सवाआधी गावकी बसली. ठरले ते असे : गुरवाने देवीला गाऱ्हाणे घालायचे, त्यात कोंडाबाईचा अपराध सांगायचा, तिने “चुकले” म्हणून डोके टेकायचे, की विषय मिटला. अपराध मात्र देवीला स्पष्ट सांगावा लागतो. मोघम गाऱ्हाणे जुगाई ऐकत नाही, अशी तिची ख्याती आहे.

त्या दिवशीही माध्यान्हच होती. मंडपात गावकी, मागे बाया. बायांनी दळणाचे डबे बरोबरच आणले होते. निकाल लागला नाही तर लाँच चुकायला नको. कोंडाबाई गाभाऱ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हादू गुरवाने देवीपुढची समई उजळली, घसा साफ केला.

“आई जुगाई,” त्याने खड्या सुरात आरंभ केला, “सीमेवरच्या, पाण्यातल्या, रानातल्या सगळ्यांची तू राखणदार. ही कोंडाबाई, तुझीच लेक. हिच्या हातून अपराध झाला. हिनं तुझ्या नवरात्रात, तुझ्या अखंड दिव्यासमोर, समद्या गावादेखत असं म्हटलं, की गावातले दिवे...”

तो थांबला.

समईची ज्योत त्याच्या नाकासमोर हलत होती. गावकीत कोणीतरी खाकरले.

“गावातले दिवे,” गुरव पुन्हा म्हणाला, “वाढले.”

“मी तसं म्हटलं न्हाई,” कोंडाबाई म्हणाली.

“गप. तुला बोलायचं न्हाई.”

“आईपुढं खोटं गाऱ्हाणं घालू नकोस म्हादूदादा. वाढले असं आबा म्हणाले हुते. मी न्हाई.”

“मी म्हणालो ते रीतीला धरून म्हणालो!” आबा घाईने उभे राहिले.

“मग माझा गुन्हा काय त्यो सांगा. तक्रार तुमची हाय. मी काय म्हटलं?”

गुरवाने ज्योतीकडे पाहिले, मग देवीकडे. “तू म्हटलंस की दिवे... गेले.”

“गेले बी म्हटलं न्हाई.”

“शांत झाले.”

“त्या बॅटऱ्या. त्या बी आबांच्या.”

“कोंडे, तुला चांगलं म्हाईत हाय तू काय म्हटलंस ते!”

“मला म्हाईत हाय. आईला सांगायचंय तुला,” ती म्हणाली. “तुला जमत नसंल तर मीच सांगते परत. सांगू?”

“नको!” अख्खी गावकी एका घशाने ओरडली. इतके एकमत वाघरणने ना आधी पाहिले, ना नंतर.

मग सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. संकटात आमच्या गावाला संस्कृताची आठवण होते, आणि याबद्दल मी गावाचा ऋणी आहे.

“गुरुजी,” गुरव काकुळतीने म्हणाला, “तुमच्या देवभाषेत त्याला काय म्हणत्यात ते सांगा. मी तेच घालतो गाऱ्हाण्यात. आईला समदं समजतं.”

मी स्मरण केले. शब्द तर समोरच होता. लहानपणी पाठ केलेला, आणि मी कधी त्याच्याकडे दिव्याच्या बाजूने पाहिलेच नव्हते.

“संस्कृतात,” मी म्हणालो, “दिवा असा निमाला, की त्याला निर्वाण म्हणतात.”

“म्हंजी?”

“दिव्याच्या बाबतीत तेच, जे तुम्हाला म्हणवत नाही. माणसाच्या बाबतीत मोक्ष.”

मंडपात कुजबुज झाली. आबांनी हळूच विचारले, “म्हंजी कोंडाबाई आईपुढं असं म्हणाली, की गावातल्या दिव्यांला मोक्ष मिळाला?”

“शब्दार्थाने तसेच.”

गुरवाच्या ओठांची हालचाल दिसत होती. तो गाऱ्हाणे मनातल्या मनात लावून पाहत होता. हिने तुझ्या दिव्यापुढे म्हटले, की दिव्यांना मोक्ष मिळाला, म्हणून हिला शिक्षा कर, आई. ते काही केल्या बसेना.

“यात आई रागवंल कशाला?” मागून एक आवाज आला. तो गुरवाच्याच बायकोचा होता. ती खांबाला टेकून उभी होती, पायाशी तिचा डबा. “आन् रागवली असंल तर आईनं तिला सांगावं. आमी का म्हणून रोज पाण्यापल्याड जायचं?”

“तू मधी बोलू नकोस,” गुरव म्हणाला, पण त्यात नेहमीचा जोर नव्हता.

“आता सहा महिने बोलले न्हाई, तर तुमी पीठ आणून दिलं का मला?” ती म्हणाली. तिने वाकून डबा उचलला, डोक्यावरची चुंबळ सारखी केली आणि लाँचच्या वाटेला न लागता टेकाडाच्या वाटेला लागली.

खालून लाँचचा भोंगा वाजला. बायांनी एकमेकींकडे पाहिले. मग दुसरा डबा उचलला गेला, मग तिसरा. आबांच्या सुनेने कडेवर तान्हे पोर होते तरी एका हाताने आपला डबा धरला. पुरुष गावकी करत बसले होते ते तसेच बसून राहिले. ठराव अजून व्हायचा होता.

गुरवाने कोंडाबाईकडे पाहिले. “आता चुकले तरी म्हण,” तो पुटपुटला. “नुसतं. माझ्यासाठी.”

कोंडाबाईने देवीला हात जोडले, कपाळ उंबऱ्याला टेकवले आणि उठली. ती काय म्हणाली, हे मी जवळ होतो तरी मला ऐकू आले नाही. मग तिने मंडपाच्या कडेशी येऊन हाताच्या आडून सूर्याकडे पाहिले. पश्चिमेकडून एक ढग सरकत येत होता. तिने पदर खोचला आणि चढणीवरच्या बायांना मागून हाक दिली,

“तांदूळवाल्या म्होरं व्हा गं! नाचणी मागनं. आन् आटपा भराभर, त्यो ढग यायच्या आत!”